मोठ्या बँकेतली नोकरी: खुर्ची पक्की, माणूस फिरता

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. बार्शीची मुलगी, दोन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून बँकेच्या परीक्षांची तयारी करतेय. पीओच्या म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेचा फॉर्म भरत होती आणि बँकांच्या पसंतीक्रमाशी अडली होती.

"मावशी, अकरा बँका आहेत. पहिली कुठली टाकू?"

मी विचारलं, "तुला नोकरीतून काय हवंय?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "घरी म्हणतात, बँकेत लागलीस की सुटलीस. माझी रूममेट बँक सोडून आलीये. ती म्हणते, लागलीस की अडकलीस."

मी एका मोठ्या सरकारी बँकेत १९८७ साली क्लार्क म्हणून लागले, नऊ वर्षांनी ऑफिसर झाले आणि साठीला निवृत्त झाले. तिच्या घरचे आणि तिची रूममेट, दोघंही खरं बोलतात हे मला माहीत आहे. फोनवर तिला जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग लिहितेय. तिच्यासारखी हजारो मुलं आज हा फॉर्म भरतात आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांची माहिती बहुधा वीस वर्षं जुनी असते.

मोठी बँक म्हणजे नेमकी कोणती?

१९ जुलै १९६९ रोजी १४ खासगी बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० साली आणखी सहा बँकांचं. स्टेट बँक त्याआधीच, १ जुलै १९५५ला, जुन्या इम्पीरियल बँकेतून उभी राहिली होती. पुढे विलीनीकरणं झाली. २०१७ साली स्टेट बँकेत तिच्या पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक मिसळल्या. २०१९ला देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२०ला दहा बँकांच्या चार झाल्या. आज सरकारी बँका १२ आहेत. स्टेट बँक आपली भरती स्वतः करते. उरलेल्या ११ बँकांसाठी मुंबईची आयबीपीएस ही संस्था परीक्षा घेते. भाचीच्या फॉर्मवरच्या अकरा त्या याच.

खासगीत एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक आकाराने प्रचंड आहेत. स्टेट बँकेसह या तिघींना रिझर्व्ह बँकेने 'देशाच्या व्यवस्थेसाठी महत्त्वाच्या बँका' अशा यादीत ठेवलंय. यांतली एखादी कोसळली तर सगळ्यांनाच ओढून नेईल, म्हणून त्यांना इतरांपेक्षा जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं.

एसटीचा ड्रायव्हर आणि गल्लीतलं दुकान

मोठ्या बँकेत काम कसं चालतं ते समजून घ्यायला एसटीचा डेपो डोळ्यांसमोर आणा. सकाळची बार्शी–पुणे गाडी सुटते. आज स्टिअरिंगवर कोण आहे हे प्रवाशाला माहीत नसतं आणि त्याचं त्यावाचून अडतही नाही. ड्रायव्हर आजारी पडला तर दुसरा चढतो. ड्युटीचा तक्ता, वेळापत्रक आणि नियम पक्के असतात. माणूस बदलला तरी गाडी सुटते.

गल्लीतल्या किराणा दुकानाचं उलट असतं. मालक दोन दिवस लग्नाला गेला की शटर खाली. पण तोच मालक ओळखीवर उधारी देतो, अडीनडीला रात्री दार उघडतो. निर्णय त्याच्या हातात असतो.

मोठी बँक एसटीसारखी चालते. कुणीही एक माणूस नसला तरी काम अडू नये, अशा बेताने ती बांधलेली असते. खुर्ची महत्त्वाची, त्या खुर्चीत बसणारा बदलता. पगार ठरल्या तारखेला येतो, साहेबाशी पटलं नाही म्हणून कुणी उद्या घरी बसवत नाही, ते याच बांधणीमुळे. आणि तुम्हाला उचलून आठशे किलोमीटरवर नेऊन ठेवता येतं, तेही याच बांधणीमुळे. एक घ्यायचं आणि दुसरं नाकारायचं, अशी सोय इथे नाही. नव्या मुलांना ही गोष्ट रुजू झाल्यावर कळते, आणि ती आधी कळावी असं मला मनापासून वाटतं.

पगार कोण ठरवतं?

सरकारी बँकेत तुमचा पगार तुमचा मॅनेजर ठरवत नाही. बँकांची संघटना आणि कर्मचारी-अधिकाऱ्यांच्या संघटना साधारण दर पाच वर्षांनी एकत्र बसतात आणि करार करतात. ताजा करार ८ मार्च २०२४ला झाला. त्यात १७ टक्के वाढ मिळाली आणि ती १ नोव्हेंबर २०२२पासून लागू धरली, म्हणजे मधल्या महिन्यांचा फरक नंतर हातात आला. या करारानुसार नव्या ऑफिसरचं मूळ वेतन ४८,४८० रुपयांपासून सुरू होतं, क्लार्कचं २४,०५० रुपयांपासून. स्टेट बँक पीओला सुरुवातीलाच चार जादा इन्क्रिमेंट देते. यावर महागाई भत्ता येतो आणि तो दर तीन महिन्यांनी बदलतो. शिवाय घरभाडं आणि इतर भत्ते.

पंचविशीच्या आत, बार्शीत किंवा परभणीत राहून एवढा पगार देणाऱ्या नोकऱ्या फार नाहीत. माझ्या पहिल्या पगारातून आईने घरात पहिला फ्रीज आणला होता, तो दिवस मला अजून आठवतो. या नोकरीने हजारो घरांचे दिवस बदलले आहेत, आणि त्याची किंमत मी कधीही कमी लेखणार नाही.

पण करार सगळ्यांना सारखाच लागतो. जो रात्री आठपर्यंत बसून पीककर्जाच्या फाइली संपवतो त्याला आणि जो साडेपाचला उठतो त्याला, एकाच पायरीवर असतील तर पगार तोच. २०२०च्या करारापासून नफ्याशी जोडलेला एक भत्ता सुरू झाला, पण तो अख्ख्या बँकेचा नफा किती वाढला यावर काही दिवसांच्या पगाराएवढा मिळतो. तुमच्या काउंटरवर किती गर्दी होती, याच्याशी त्याचा संबंध नाही. मेहनती माणसाला हे लागतं. मलाही लागलं होतं.

पगाराच्या बाहेर जे मिळतं, आणि जे आता मिळत नाही

घरकर्ज, वाहनकर्ज बाजारापेक्षा स्वस्त दराने मिळतं. वैद्यकीय विमा, प्रवासभत्ता, आजारपणाची रजा आहे. ऑफिसरला बऱ्याच ठिकाणी बँक घर भाड्याने घेऊन देते. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पस्तिशीत स्वतःचा फ्लॅट घेतला तो या स्वस्त कर्जावर.

यात दोन बदल नीट समजून घ्या. स्वस्त कर्जामुळे जे व्याज वाचतं तो मिळालेला लाभच आहे आणि त्यावर प्राप्तिकर लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे लाभ राहिला, पण थोडा झिजला.

दुसरा बदल मोठा. "बँकेत पेन्शन आहे" हे वाक्य लग्नाच्या बैठकीतसुद्धा ऐकू येतं. मला पेन्शन आहे. माझ्या भाचीला तसली मिळणार नाही. १ एप्रिल २०१०पासून रुजू झालेल्यांना एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, लागू आहे. त्यात दरमहा तुमच्या पगारातून काही रक्कम जाते, बँक आपला वाटा घालते, आणि निवृत्तीच्या वेळी बाजाराने जे वाढवलं असेल त्यावर पेन्शन ठरते. बँकेचा वाटा १४ टक्के आहे आणि तो चांगला आहे. पण शेवटच्या पगाराच्या अर्ध्याएवढी ठरलेली रक्कम तहहयात मिळणं वेगळं, आणि हे वेगळं. पेन्शनकडे बघून मुलीला बँकेत घालणाऱ्या आईवडिलांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं.

बदली: नियम साधा, परिणाम मोठा

क्लार्कची भरती राज्यवार होते आणि त्या राज्याची भाषा यावी लागते. त्याची बदली बहुधा राज्यातच, बरेचदा त्याच भागात होते. ऑफिसरची भरती अखिल भारतीय. त्याला कुठेही पाठवता येतं, आणि साधारण तीनेक वर्षांनी हलवलं जातं. वरच्या पायरीवर चढायला ग्रामीण किंवा निमशहरी शाखेत काम केलेलं असावं लागतं.

बँका बदल्या का करतात? निव्वळ त्रास द्यायला नाही. एकाच शाखेत दहा वर्षं बसलेला मॅनेजर गावात इतका मिसळतो की कर्ज देताना त्याचा हात सैल होतो. तो बाहेर गेला आणि नवा आला की जुन्या फाइलींतलं लपलेलं उघडं पडतं. बँकेच्या दृष्टीने बदली ही तपासणीच असते. संवेदनशील टेबलावरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामाच्या दिवसांची रजा, तीही पूर्वसूचनेशिवाय, सक्तीने द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. तो नसताना दुसरा त्याचं काम बघतो आणि काही गडबड असेल तर दिसते.

कारण पटलं तरी सोसावं लागतंच. माझी पहिली मोठी बदली झारखंडमधल्या एका निमशहरी शाखेत झाली. मुलगा दुसरीत होता. नवरा साताऱ्यात शिक्षक. तीन वर्षं मी मुलाच्या शाळेचा एकही मेळावा पाहिला नाही. तिथल्या बायका बचतगटाच्या हप्त्याला यायच्या, त्यांची बोली मला पहिले सहा महिने कळत नव्हती, आणि त्या मला हसून परत परत सांगायच्या. आपल्याकडे परराज्यातला ऑफिसर मराठी बोलत नाही म्हणून आपण चिडतो. ग्राहकाला त्याच्या भाषेत उत्तर मिळालंच पाहिजे, यात शंका नाही. पण काउंटरच्या पलीकडे घाबरून बसलेली ती मुलगी मी होते, म्हणून मला तिचंही वाटतं. बँकेने पाठवण्याआधी दोन महिने भाषा शिकवली असती तर दोन्ही बाजूंचा त्रास वाचला असता.

यामुळेच कितीतरी क्लार्क पदोन्नती नाकारतात. माझ्या शाखेतल्या एका हुशार सहकाऱ्याने तीनदा नाकारली, कारण घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. लोक त्याला आळशी म्हणायचे. त्याने फक्त आपला हिशेब नीट मांडला होता.

सहीचं वजन

बँकेत प्रत्येक व्यवहाराला दोन हात लागतात. एक जण नोंद करतो, दुसरा तपासून मंजूर करतो. याला मेकर-चेकर म्हणतात. मंजूर करणाऱ्याची सही किंवा पासवर्ड म्हणजे त्याने जबाबदारी घेतली. गर्दीच्या दिवशी शेजारचा म्हणतो, "तुझा पासवर्ड दे, पटकन पास करतो." नवी मुलगी भिडेखातर देते. पुढे कधी घोटाळा निघाला तर कॉम्प्युटरमध्ये तिचं नाव असतं. "मी दिला होता पण मी केलं नाही" याला चौकशीत फारसा अर्थ उरत नाही. अशा चौकशीत चांगल्या घरची, सरळ मुलं रडताना मी पाहिली आहेत.

कॅशचं तर आणखी सरळ आहे. दिवसअखेर मोजणी जुळली नाही आणि कमी भरली, तर कॅशियर स्वतःच्या खिशातून भरतो. १९९१ साली माझ्या कॅशमध्ये एक हजार रुपये कमी आले. तेव्हा तो माझ्या पगाराचा मोठा हिस्सा होता. पैसे भरले, आणि त्या रात्री जेवले नाही.

कर्ज देणाऱ्या ऑफिसरचा धोका वेगळा. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की ते खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं. मग प्रश्न येतो: मंजूर कुणी केलं होतं? याला स्टाफ अकाउंटॅबिलिटी म्हणतात. ऑफिसरने जागा पाहिली होती का, कागद तपासले होते का, याची छाननी होते. धंदा बुडाला तो दुष्काळाने की ऑफिसरच्या चुकीने, हा फरक पूर्वी फार सैलपणे केला जायचा. घोटाळे सोडून ५० कोटींपर्यंतच्या थकीत कर्जांसाठी १ एप्रिल २०२२पासून सगळ्या सरकारी बँकांना एक समान चौकट लागू झाली. प्रामाणिक चूक आणि बदमाशी वेगळी काढणं, हा तिचा उद्देश. हे फार आधी व्हायला हवं होतं. निवृत्तीच्या निरोप समारंभातसुद्धा ज्यांच्यावर आरोपपत्राची सावली होती, असे सहकारी मला आठवतात.

मोठ्या बँकेत तुम्हाला कुणी सहज काढत नाही हे खरं. पण वीस वर्षांपूर्वीची सही तुमच्या मागे येते, हेही तितकंच खरं. प्रत्येक भेटीची नोंद फाइलला लावायची, तोंडी आदेश लेखी मागायचा, ही सवय पहिल्या वर्षातच लावून घ्या.

'पाच वाजता घरी' हा समज

काउंटर बंद झाला की बँक बंद होते, असं बाहेरच्याला वाटतं. शटर अर्धं खाली आल्यावर आत दिवसाची जुळवणी आणि उद्याची तयारी चालू असते. सध्या फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, ती सप्टेंबर २०१५पासून. पाच दिवसांच्या आठवड्याची मागणी २०२४च्या वेतनवाढीबरोबर चर्चेत मान्य झाली, पण सरकारच्या संमतीवर अडकली. मार्च २०२५मध्ये या आणि इतर मागण्यांसाठी दोन दिवसांचा संप पुकारला गेला आणि चर्चेनंतर पुढे ढकलला गेला.

शिवाय सरकारची प्रत्येक मोठी योजना शेवटी याच काउंटरवर उतरते. जनधन खाती, कर्जमाफीच्या याद्या, पीकविमा. नोव्हेंबर २०१६च्या नोटबंदीत आम्ही शनिवार-रविवारीही शाखा उघडल्या, रात्री अकराला घरी जायचो. ऑगस्ट २०२४मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे जमा व्हायला लागले तेव्हा आधार जोडून घ्यायला बायकांची रांग शाखेच्या पायऱ्यांखाली गेली होती. मी तेव्हा निवृत्त झाले होते, तरी पासबुक छापून घेण्याच्या निमित्ताने गेले आणि आजीबाईंचे फॉर्म भरत दुपारपर्यंत बसले. या नोकरीतलं समाधान मला अशाच जागी मिळालं आहे. जिच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा पैसे आले, ती बाई पासबुक दोन्ही हातांनी धरते.

टार्गेट: ज्याबद्दल भरतीच्या जाहिरातीत एक ओळ नसते

बँक म्हणजे ठेवी आणि कर्जं, असं आपण शाळेत शिकतो. आज शाखेला विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्डही विकावं लागतं. वरून आकडा येतो, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर विचारणा येते: आज किती?

याचा वाईट चेहरा म्हणजे गळ्यात बांधणं. घरकर्ज मागायला आलेल्याला विमा घ्यायला लावायचा, मुदतठेव ठेवायला आलेल्या म्हाताऱ्याला पाच वर्षं हप्ते भरायची पॉलिसी द्यायची. अर्थमंत्र्यांनीही बँकांना यावरून जाहीरपणे सुनावलंय. पण सुनावणी संपते आणि दुसऱ्या दिवशी शाखेच्या तक्त्यावर आकडा तसाच असतो. यात सगळ्यांत जास्त चिरडला जातो तो पंचविशीचा नवा ऑफिसर. ज्याला आपण काका म्हणतो त्याला नको असलेली वस्तू विकायची, आणि तरी सरळ राहायचं. मी एकदा अशी पॉलिसी परत घ्यायला लावली होती. साहेब महिनाभर बोलले नाहीत. त्याने माझी पदोन्नती अडली नाही, एवढंच सांगते.

मग खासगी मोठी बँक बरी?

काही जणांसाठी हो. खासगी बँकेत पायऱ्या लवकर चढता येतात, चांगल्या कामाचे पैसे वेगळे मिळतात, आणि कुठल्या शहरात काम करायचं हे बहुतेक वेळा आधी ठरतं. मुंबईत बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुख्यालयात कर्ज-मूल्यांकन, ट्रेझरी किंवा तंत्रज्ञानाचं जे काम शिकायला मिळतं, ते बाजारात खूप चालतं.

पण इथे खुर्चीही तेवढी पक्की नसते. पगाराचा काही भाग टार्गेटवर अवलंबून असतो आणि ते चुकलं की दबाव लगेच वाढतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४च्या वार्षिक अहवालात लिहिलंय की निवडक खासगी आणि लघुवित्त बँकांत नोकरी सोडण्याचं प्रमाण सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे चार जणांच्या टेबलावरचा एक जण वर्षभरात गेलेला असतो. यातले काही चांगल्या नोकरीसाठी जातात हे खरं, पण सगळे नव्हेत.

"छोट्या सहकारी बँकेत काय वाईट आहे?"

हा प्रश्न मला भाचीच्या वडिलांनी विचारला. गावातली बँक, घरापासून दहा मिनिटं, बदली नाही, संचालक ओळखीचे. कामही सगळं शिकायला मिळतं: सकाळी कॅश, दुपारी कर्ज, संध्याकाळी ताळेबंद. मोठ्या बँकेत एका टेबलावर दोन वर्षं तेच ते करताना मला याचा हेवा वाटायचा.

धोका आहे तो बँकच आजारी पडली तर. पुण्यातल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३मध्ये निर्बंध आले आणि सप्टेंबर २०२२मध्ये परवाना रद्द झाला. जवळजवळ दहा वर्षं. अशा वेळी ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. तिथे काम करणाऱ्याच्या नोकरीला तसलं कुठलंच संरक्षण नसतं. याउलट मार्च २०२०मध्ये येस बँक अडचणीत आली तेव्हा काही दिवसांत स्टेट बँकेसह इतर बँकांनी पैसा घातला, आणि पुनर्रचनेच्या योजनेतच कर्मचाऱ्यांना किमान एक वर्ष त्याच पगारावर, त्याच अटींवर ठेवण्याची तरतूद होती. बँक मोठी असली की तिला वाचवायला सगळे धावतात आणि तिच्याबरोबर तिची माणसंही वाचतात. सगळ्या सहकारी बँका कच्च्या नाहीत. ज्या बँकेत जायचं तिची तब्येत आधी बघा, एवढंच.

"मोबाईलवर सगळं होतं, मग नोकऱ्या राहतील का?"

आम्ही लागलो तेव्हा हाच प्रश्न कॉम्प्युटरबद्दल होता. संघटनांनी विरोध केला, मग करार झाले, मशीन आली. २०००–०१मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती दिली आणि सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. यंत्र आलं म्हणून माझ्या टेबलावरून कुणाला उठवलं नाही. उठून गेलेल्यांच्या जागा मात्र भरल्या नाहीत. पुढेही असंच होईल असं मला वाटतं: पैसे मोजणाऱ्या हातांची गरज कमी होईल, आणि शेतात जाऊन कर्जदाराचं पीक बघणाऱ्या, फसलेल्या माणसाची तक्रार ऐकून घेणाऱ्या डोळ्या-कानांची राहील. उरलेल्यांवर कामाचा भार मात्र वाढलेला आहे, हे कुठल्याही शाखेत डोकावलं की दिसतं.

"क्लार्क किंवा पीओ म्हणून लागून वर जाता येतं का?"

येतं, आणि ही मोठ्या सरकारी बँकेची खरी देणगी आहे. ऑफिसरच्या पहिल्या स्केलपासून जनरल मॅनेजरच्या सातव्यापर्यंत सात पायऱ्या असतात. अरुंधती भट्टाचार्य १९७७ साली स्टेट बँकेत पीओ म्हणून लागल्या आणि २०१३ला तिच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. सध्याचे अध्यक्ष सी. एस. शेट्टीही १९८८चे पीओच. ज्या घरात याआधी कुणी ऑफिस पाहिलं नाही, त्या घरातली मुलगी ओळखीपाळखीशिवाय एवढ्या उंचीवर जाऊ शकते, अशा जागा आपल्याकडे थोड्याच आहेत. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा लवकर देऊन टाका. इन्क्रिमेंट मिळतं आणि काम समजायला लागतं.

सोडायचं असेल तर मात्र आधी कागद वाचा. स्टेट बँकेत पीओ म्हणून लागताना किमान तीन वर्षं राहण्याचा दोन लाखांचा बॉण्ड द्यावा लागतो. इतर काही बँकांतही तो असतो. एका सरकारी बँकेचा असाच बॉण्ड वैध असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये दिला. भाचीची रूममेट अडकलीस म्हणाली ती बहुधा यामुळेच.

भाचीशी दोन तास बोलणं झालं. महाराष्ट्रात ज्यांच्या शाखांचं जाळं दाट आहे अशा बँका तिने वर टाकल्या. त्याने घराजवळ पोस्टिंग मिळेलच असं नाही, फक्त शक्यता जराशी वाढते, हे मी सांगितलं. क्लार्कचाही फॉर्म भरायचं तिने ठरवलं. वडिलांचे गुडघे गेले आहेत, धाकटा भाऊ अकरावीत आहे, तेव्हा पहिली पाच वर्षं बार्शीपासून एका रात्रीच्या प्रवासापेक्षा लांब जायचं नाही, असं तिने वहीत लिहिलं. कुणी न सांगता.

फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "मावशी, पासवर्ड खरंच कुणी मागतं का?"

"पहिल्याच आठवड्यात मागतील," मी म्हटलं. "जे मागतील ते चांगलेच लोक असतील. त्यांनाही नाही म्हण."